कोकणातून जाऊन बर्फावर चालायचं तर: पहिल्या स्नोशू ट्रेकची तयारी

दापोलीत जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला की अंगणात शेकोटी पेटते आणि बाटलीतलं खोबरेल तेल थिजून पांढरं होतं. थंडीशी आमची ओळख एवढीच. म्हणून हिमालयात बर्फावर चालायला जायचं ठरलं की कोकणातला माणूस आधी स्वेटर गोळा करतो. मीही केले होते. दोन स्वेटर, मफलर, कानटोपी आणि सगळ्यांच्या आत सुती बनियन. पहिल्या तासाभराच्या चढातच बनियन चिंब झाली आणि पाणी प्यायला थांबले तेव्हा पाच मिनिटांत दात वाजायला लागले. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी गारठले ती माझ्याच घामाने.

आपल्याकडे घाम येऊ द्यायचा, वाळू द्यायचा, अंघोळ करायची, संपलं. बर्फात तो येऊच द्यायचा नाही. पुढे जे लिहिलंय, कपड्यांपासून चालीपर्यंत, त्यातलं निम्मं याच एका गोष्टीसाठी आहे. सह्याद्रीत चार-सहा ट्रेक केलेत, पाय बरे आहेत, पण बर्फ फक्त फोटोत पाहिलाय, अशांसाठी हे लिहितेय.

स्नोशू काय करतो

लावणीच्या दिवसांत चिखळलेल्या खाचरात उतरलं की पाय पोटरीपर्यंत आत जातो. त्याच खाचरात चिखल सपाट करायला फळी फिरवतात, तिच्यावर माणूस उभा राहिला तरी ती बुडत नाही. स्नोशू म्हणजे प्रत्येक पायाला बांधलेली अशी एकेक फळी.

हिशेब करून पाहा. पाठपिशवीसकट तुमचं वजन ८० किलो आणि बुटाचा तळ साधारण २७० चौरस सेंटिमीटर धरला, तर पाऊल टाकताना दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास ३०० ग्रॅम भार येतो. २५ इंची स्नोशूचा तळ हजार-अकराशे चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे भार चौथ्या हिश्शावर येतो. तरीही ताज्या भुसभुशीत बर्फात पाय वीतभर रुततोच. अजिबात रुतणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फक्त मांडीपर्यंत जाणारा पाय वीतभरच जातो, आणि दिवसभराच्या चालीत हा फरक फार मोठा असतो.

बुटाचा पुढचा भाग ज्या पट्ट्यांत अडकवतात त्याला बाइंडिंग म्हणतात. ते चवड्याखाली बिजागरीसारखं फिरतं, त्यामुळे टाच मोकळी उचलता येते. चवड्याखाली पोलादी दात असतात, कडक बर्फात तेच धरतात. चांगल्या स्नोशूला टाचेखाली एक तारेची कडी असते. उभ्या चढावर ती वर केली की टाच तिच्यावर टेकते आणि पोटरीला आराम मिळतो. आपल्या वजनाच्या माणसांना, सामान धरून ९० किलोपर्यंत, २५ इंची स्नोशू बहुधा पुरतात. हलक्या अंगाच्या बाईमाणसाला २२ इंची घेतले तर पाय एकमेकांत अडकत नाहीत.

भारतात गर्दीच्या हिवाळी ट्रेकवर बऱ्याचदा नुसते मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर ओढून चढवायचे दातेरी साखळ्यांचे पट्टे, देतात. तुडवून घट्ट झालेल्या वाटेवर तेच बरे. ताजा बर्फ पडला असेल आणि वाट तुम्हालाच पाडायची असेल, तेव्हा स्नोशू हवेत. म्हणून बुकिंग करतानाच सरळ विचारा: स्नोशू मिळतील का, कोणत्या मापाचे, आणि बाइंडिंगच्या पट्ट्या धड आहेत का. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

घरची तयारी: पुळण आणि पाखाडी

दोन महिने आधी सुरुवात करा. कोकणात राहणाऱ्याला यासाठी जिमची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत नको, वरच्या कोरड्या पुळणीत चाला. पाय मागे सरकतो, घोटा वळतो, मांड्या भरून येतात. स्नोशूवर हेच स्नायू दुखतात. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग वाढवत दीड तासापर्यंत. पाठीवर ५-६ किलोची पिशवी घ्या. दोन पावलांत नेहमीपेक्षा चार बोटं जास्त अंतर ठेवून चालायची सवय इथेच लावा. सुरुवातीला कमरेतून चमकल्यासारखं होतं, दोन आठवड्यांत बसतं.

चढासाठी गावातली पाखाडी. घर ते देऊळ किंवा घर ते खाडी अशी शंभर-दीडशे पायऱ्यांची पाखाडी बहुतेक वाड्यांत असते. सामान घेऊन दहा वेळा चढउतार करा, पण बोलताना धाप लागणार नाही अशा वेगाने. हा वेग लक्षात ठेवा, बर्फात तोच लागणार आहे. महिन्यातून दोनदा रसाळगडासारखा डोंगर करा, आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाकत उतरा.

समुद्रसपाटीवर राहण्याचा तोटा मात्र पायांच्या तयारीने भरून निघत नाही. ३,४०० मीटरवर हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन तृतीयांशाइतकाच असतो. त्यावर इलाज एकच, टप्प्याटप्प्याने वर जाणं. त्याबद्दल पुढे.

बूट, आणि आपल्या पावसाळ्याने केलेली फसवणूक

घोट्याच्या वर येणारा, पाणी न शिरणारा बूट हवा. जाड लोकरी मोजा घातल्यावरही आत बोटं हलली पाहिजेत. थंडी म्हणून दोन मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गार पडतात.

माझे बूट चार वर्षांचे होते, पण दोनच ट्रेक झालेले, दिसायला नवे. पावसाळाभर कपाटात होते. हिमाचलमधल्या नारकंड्याला दुसऱ्या दिवशी चालताना उजव्या पायात काहीतरी लपलपायला लागलं. वाकून पाहिलं तर टाचेकडून सोल सुटून जिभेसारखा लोंबत होता, आणि हात लावला तर आतला फोम ओल्या बिस्किटासारखा भुगा होऊन बोटांवर आला. दमट हवेत असे सोल न वापरताही आतून विरतात. स्नोशूची पट्टी आणि चिकटपट्टी गुंडाळून मी कशीबशी परत आले.

तेव्हापासून निघण्याच्या महिनाभर आधी मी बुटाचा सोल दोन्ही हातांनी वाकवून बघते. टाचेजवळ बारीक भेगा दिसल्या, अंगठ्याने दाबल्यावर फोम परत वर आला नाही, तर ते बूट घरीच. आणि नवे घेतलेत तर पुळणीवरच्या चालीत तेच वापरा, म्हणजे फोड इथेच येऊन जातील.

कपडे

सुती काहीही नको. बनियन नको, जीन्स तर नकोच. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, जो दमट झाला तरी सुतासारखा अंग गारठवत नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड. सगळ्यात वर वारा आणि बर्फ अडवणारं जॅकेट, काखेखाली चेन असेल तर उत्तम. पिसांचं फुगीर जॅकेट पिशवीत सगळ्यात वर ठेवा. ते चालताना घालायचं नाही, थांबल्या क्षणी घालायचं.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. हॉटेलच्या दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत, दहा मिनिटांत घाम फुटेल. चालायला लागल्यावर कपाळ दमट वाटलं की लगेच थांबून एक थर काढा, ‘पुढच्या वळणावर काढू’ म्हणू नका. सोबत्यांना थांबवायचा संकोच वाटतो, माहीत आहे. थांबवा.

हातात पातळ मोजे आणि त्यावर जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे मोजे. पोटऱ्यांवर गेटर्स, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी कापडी आवरणं, नाहीतर स्नोशूने मागे उडालेला बर्फ बुटात शिरतो. गॉगल अत्यावश्यक आहे. कोरडी पुळण अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, ताजा बर्फ तब्बल ८० टक्के. दिवसभर किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्यांना चेहरा भाजणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण बर्फात ऊन खालूनही येतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या कडेलाही लावा. गॉगल विसरलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो.

कुठे आणि कसं जायचं

पहिल्या वेळेला मी हिमाचलमधलं नारकंडा सुचवेन. शिमल्यापासून सुमारे ६५ किलोमीटर, उंची २,७०० मीटर. तिथून हाटू शिखरापर्यंत देवदार, स्प्रूसच्या जंगलातून सुमारे ७ किलोमीटरचा रस्ता आहे. हिवाळ्यात बर्फ साचला की गाड्या बंद होतात आणि तो रस्ताच चालायची वाट होतो. माथा साधारण ३,४०० मीटरवर, तिथे हाटू मातेचं लाकडी कोरीवकामाचं देऊळ आहे. स्थानिक लोक हाटू मातेचं नातं मंदोदरीशी सांगतात. रस्ता असल्याने वाट चुकण्याची भीती कमी, मुक्कामाला खाली गावात परतता येतं, आणि कुठूनही मागे फिरता येतं. पहिल्या वेळी मला याहून जास्त काही नको.

चिपळूण किंवा रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, दिल्लीहून कालका आणि तिथून १९०३ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीने शिमला. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत वाढलेल्यांना ही गाडी फार आवडते. शिमल्यात, म्हणजे २,२०० मीटरच्या आसपास, एक पूर्ण दिवस आणि रात्र घालवा. मग नारकंड्यात एक दिवस फक्त गावाजवळच्या बर्फात सराव, आणि तिसऱ्या दिवशी हाटू. डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांपैकी काही जाणवलं तर त्या दिवशी वर जायचं नाही. वाढत गेलं तर खाली उतरायचं. ३,००० मीटरच्या वर मुक्काम असलेला ट्रेक पुढे कधी केलात तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. गोळ्यांचं काय ते डॉक्टरांना विचारा, सोबत्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

बर्फ मिळण्याची शक्यता जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात जास्त. तिकडे बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाच्या लाटा. आपण जून लागला की मान्सूनचा अंदाज बघतो तसा तिकडच्या हवामान खात्याचा अंदाज निघण्याआधीपासून रोज बघा, आणि हातात एक दिवस मोकळा ठेवा.

चाल

स्नोशू बांधण्याचा सराव घरी पडवीत बसून करा, तोही हातमोजे घालून. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. हाटूच्या वाटेवर माझ्या मामेभावाची पट्टी सैल झाली. ती आवळायला त्याने मोजे काढले, पट्टी बर्फाने ताठ झालेली, दोन-तीन मिनिटं गेली. ‘ताई, बकल लागतच नाहीये गं,’ म्हणाला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पांढुरकी, मेणासारखी झाली होती आणि त्याला काही जाणवत नव्हतं. त्याचे हात मी त्याच्याच काखेत घालायला लावले. दहा मिनिटांनी बोटांत कळा यायला लागल्या तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. हिमदंशाची ही अगदी पहिली पायरी. अशा वेळी बोटं चोळायची नाहीत, बर्फ लावायचा नाही, आगीजवळ धरायची नाहीत. अंगाची ऊब द्यायची. जाणीव परत आली नाही तर तडक खाली आणि दवाखान्यात.

बांधताना आधी स्नोशूवरचा आणि बुटाखालचा बर्फ झटका, चवडा बिजागरीच्या बरोबर वर आणा, पुढची पट्टी आवळा, मग टाचेची. डावा-उजवा असेल तर बकल बाहेरच्या बाजूला येतात. वीस पावलं चालून परत एकदा आवळा, सैल झालेल्या असतातच.

सपाटीवर पाय फार उचलू नका. पुढचं टोक बर्फाच्या वर येईल इतकाच उचला, शेपूट घासत आली तरी चालेल. एका स्नोशूने दुसऱ्याची कड दाबली की माणूस तोंडावर पडतो, म्हणून पुळणीवरचं ते चार बोटांचं अंतर. मागे पाऊल टाकायचंच नाही, शेपूट रुतते. वळायचं असेल तर छोट्या पावलांनी गोल फिरा. काठ्या दोन हव्यात, खाली रुंद चकती असलेल्या. साधी काठी मुठीपर्यंत आत जाते.

चढावर चवडा बर्फात ठोकून पायरी करा, क्षणभर वजन टाकून ती घट्ट होऊ द्या, मग दुसरा पाय. चढ उभा झाला की टाचेची कडी वर करा आणि नागमोडी चढा. आडव्या उतारावरून जाताना डोंगराकडची कड बर्फात दाबा आणि डोंगराकडची काठी आखूड धरा. उतरताना गुडघे सैल, वजन किंचित मागे, पावलं लहान. फार मागे रेललात तर दात सुटतात आणि घसरता. पडलात तर गडबड करू नका. आधी स्नोशू उताराच्या बाजूला आणा, कुशीवर वळा, गुडघ्यावर या, काठ्या आडव्या ठेवून त्यांवर हात टेकून उठा. नुसता हात टेकलात तर तो खांद्यापर्यंत आत जाईल. हे सरावाच्या दिवशी मुद्दाम पडून करून बघा.

पुढे चालणारा वाट पाडतो, त्याची ताकद सगळ्यात जास्त जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याने बाजूला होऊन शेवटी यायचं. पुढचा माणूस बदलत राहिला की कुणालाच घाम फुटत नाही आणि मागचाही गारठत नाही.

दुपारी ऊन लागून बर्फ ओला झाला की तो स्नोशूखाली गोळ्यांनी चिकटतो, पावसात सड्यावरची लाल माती चपलेला चिकटते तसाच. पाय जड वाटायला लागला की काठीने फ्रेमवर ठोका, गोळा पडतो.

वेग तासाला दीड ते दोन किलोमीटर धरा. म्हणजे हाटूच्या चढाला चार-पाच तास, उताराला तीन. जानेवारीत तिथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जंगलात त्याआधीच अंधारून येतं. सकाळी साडेसातला निघा आणि दुपारी साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरा. देऊळ समोर दिसत असलं तरी.

खाणं आणि पाणी

थंडीत तहान लागत नाही, म्हणून घड्याळ लावून प्या. नळीची पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. थर्मासमध्ये गरम पाणी किंवा आमसुलाचं सार न्या, दमल्यावर ते आंबटगोड पोटात गेलं की माणूस उभा राहतो.

आंबापोळी-फणसपोळी जरूर न्या, पण घरूनच बोटभर तुकडे कापून. आमची अख्खी पोळी चामड्यासारखी कडक झाली होती, दाताने तुटेना. तुकडे आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. नाचणीचे लाडू, काजू, चिक्की असं काहीतरी दर पाऊण तासाला तोंडात टाका. फोन आणि पॉवर बँकही आतल्याच खिशात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दारू घेऊन ऊब येते हा समज घातक आहे, अंगातली ऊब उलट लवकर निघून जाते.

धोका ओळखणं

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. फोनमधल्या कोनमापकाने उतार मोजायची सवय लावा. जाड बर्फ पडल्यानंतरचा पहिला दिवस-दोन दिवस, वाऱ्याने बर्फ एका बाजूला साठलेला असताना, किंवा अचानक ऊबदार झाल्यावर अशा उतारांच्या वर, खाली किंवा मधून जाऊ नका. पायाखाली ‘ढुप्प’ असा खोल आवाज आला, किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर आल्या वाटेने परत. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला पहिली पंधरा मिनिटंच महत्त्वाची असतात, बाहेरून मदत येईपर्यंत ती संपलेली असतात. म्हणूनच ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं, तेही वापरता येत असेल तरच, असल्याशिवाय मोकळ्या उभ्या उतारांवर जायचं नाही. स्थानिक वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला की विषय संपला. वादळाच्या इशाऱ्यानंतर होडी ओढून घेणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावावं लागत नाही.

मोठ्या झाडांच्या बुंध्याशी बर्फ पोकळ असतो, तिथे टेकायला जाऊ नका. ओढ्यावरचा बर्फ खालून पाण्याने कोरलेला असू शकतो. आणि सोबत्यांकडे बघत राहा. कुडकुडणं, हातातून वस्तू पडणं, जीभ जड होणं, अडखळणं या क्रमाने माणूस थंड पडत जातो. कुडकुडणारा अचानक थांबला आणि ‘मला आता बरं वाटतंय’ म्हणत झोपू लागला, तर ती सगळ्यात वाईट खूण. ओले कपडे काढा, कोरडे चढवा, खाली पाठपिशवी अंथरून त्यावर बसवा, शुद्धीत असेल तर गरम गोड पाजा आणि मदत मागवा.

परत आल्यावर

सामान त्याच आठवड्यात उलगडा. स्वतःचे स्नोशू असतील तर गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि दातांवर तेलाचा हात फिरवा, आपल्या खाऱ्या हवेत पोलाद महिन्याभरात गंजतं. पट्ट्या सैल सोडून ठेवा. बुटांत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, माळ्यावर हवेशीर ठेवा. गणपती झाले की एकदा खाली काढून सोल वाकवून बघा.